बाजूक सर

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या ब्रँडनला बोलवायला मीच गेले होते. मासळी आणायला मालवणात जायचंच होतं, म्हणून दिव्या म्हणाली, "आजये, येताना तेच्या दुकानात सांगून ये. फोन उचलना नाय तो." बांगडे घेतले, पिशवीचं तोंड बांधलं आणि बाजारातल्या त्या अरुंद जिन्याने वर चढले. दुकान म्हणजे एवढीशी खोली. जिकडे बघावं तिकडे पोट उघडलेली मशीनं. कोळणीच्या पाटीवर साफ करून ठेवलेली मासळी असते ना, तशी.

"काय झाला, आजी?" ब्रँडनने मान वर न करताच विचारलं.

"चालू होता, पण दिसना नाय काय."

"लाइट लागता?"

"लागता. पंखे फिरतत. आवाजसुद्धा येता. पडदो तेवढो काळो."

"मगे कार्डच. खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान असतला. सांजेक येतंय." मग नाक वर करून म्हणाला, "बांगडे काय? तिकला करतलास?"

"आधी पडद्यार काय ता दिसूक दे, मगे तिकला."

तो हसला. मीही हसले. एवढं साधं काम होतं ते.

दिव्या माझी नात, माझ्या शिवाची मुलगी. शिवा मालवाहू बोटीवर असतो. वर्षाचे बरेच महिने समुद्रात. आमचं घर सर्जेकोटला, किनाऱ्याजवळ. मालवणात पर्यटक येतात, पाण्याखाली बुड्या मारतात, बोटवाले त्यांचं शूटिंग काढतात. ते सगळं संध्याकाळी दिव्याकडे येतं. ती कापते, जोडते, गाणं घालते आणि ज्याचं त्याला पाठवून देते. असल्या कामाला साधं मशीन पुरत नाही. चित्र दाखवायला त्याच्या पोटात वेगळं कार्ड लागतं. बायको गेल्यावर शिवाने ते मशीन घरी आणून दिलं. पोरीचं मन कशात तरी रमावं म्हणून. यशोदा माझी सून, दिव्याची आई. कावीळ झाली, अंगावर काढली आणि गेली.

दिवाळीची गर्दी तोंडावर आली होती. मशीन बंद राहिलं असतं तर बोटवाल्यांनी काम दुसऱ्या कुणाला दिलं असतं. आणि काम गेलं की दिव्याही गेली असती. विरारला तिच्या आत्याने एका ऑफिसात नोकरी बघूनच ठेवली होती. माळ्यावरची बॅग खाली उतरली होती, पुसून खाटेखाली ठेवली होती. केर काढताना मी ती बाहेर ओढायची आणि परत आत सरकवायची. त्या बॅगेबद्दल आम्ही दोघी बोलत नव्हतो. ती गेली की या घरात बोलायला दुसरं कोण होतं?

संध्याकाळी ब्रँडन आला. मशीन माजघरातल्या कोपऱ्यात, लाकडी टेबलावर. आधी त्याने मागची वायर बघितली. म्हणाला, पुष्कळ लोक ही वायर कार्डाला लावायची सोडून वरच्या भोकात लावतात आणि मग कार्डाला शिव्या घालतात. आमची वायर बरोबर होती. मग त्याने कूस उघडली, कार्ड बाहेर काढलं. जाडजूड वस्तू, पंखे बसवलेली, आणि एका कडेला सोनेरी दात, फणीसारखे. ते दात त्याने शाळेतल्या खोडरबराने घासले, फुंकले, परत घासले. पुन्हा बसवताना खट् असा आवाज आला.

"आता बघ."

मशीन गुरगुरलं. पंखे फिरले. आतून नेहमीचा सूर वाजला. पडदा काळाच.

त्याने वायर बदलली. कार्डाला वीज देणारी दुसरी वायर काढून परत बसवली. दिव्या म्हणाली, "सगळा एकदम बदल मां, वेळ जाता."

"असा चलना नाय गो. एका वेळी एकच वस्तू बदलूची. दोन बदलल्यो तर चोर कोण ता कळना नाय."

रात्र पडायच्या आत तो मशीन स्कूटरवर बांधून दुकानात घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "आजी, हय चकाचक दिसता. माश्यांचे डोळेसुद्धा दिसतत." संध्याकाळी परत आणून कोपऱ्यात ठेवलं. काळं.

मग तो स्वतःचा पडदा घेऊन आला. काळा. कार्ड काढून ठेवलं आणि मशीनच्या स्वतःच्या भोकात वायर लावली. तरी काळं. म्हणजे कार्डाचा काही दोष नव्हता. भिंतीतल्या विजेला काट्याचा मीटर लावून बघितला, वीज चांगली होती. येताना ब्रँडन काहीबाही थट्टा करायचा, ती कमी झाली. हात पुसायला मी फडकं दिलं तर ते हातातच धरून तो त्या कोपऱ्याकडे बघत राहिला.

"भायर पडवीत लावून बघुया," तो म्हणाला.

पडवीत एक बाकडं ओढून त्यावर मशीन मांडलं. बटण दाबलं आणि चित्र आलं. एकदम. निळं पाणी, त्यात पिवळ्या पट्ट्यांचे मासे, आणि कुणीतरी पर्यटक हाताने खूण करत होता. दिव्याने टाळी वाजवली. मी म्हटलं, मग राहू दे इथेच. ब्रँडन म्हणाला, "आजी, हय थेट दर्याचो वारो. म्हयन्यात गंज धरीत."

खरंच होतं ते. पडवीत माझ्या नवऱ्याची आरामखुर्ची असायची. तिचे खिळेसुद्धा टिकले नाहीत.

तेव्हा त्याने एक गोष्ट केली, ती मला अजून दिसते. लांब वायर आणली. मशीन पडवीतच ठेवलं आणि चालू पडदा दोन्ही हातांनी छातीशी धरून, काच आमच्याकडे करून, उलट्या पावलांनी आत जायला लागला. मी आणि दिव्या त्याच्यासमोर, आमची पावलं त्याच्या मागे. तिन्हीसांजा झाल्या होत्या. घरातला दिवा मी अजून लावला नव्हता. बाहेर भरती लागली होती, तिचा आवाज कौलांखाली भरून राहिला होता.

उंबऱ्यापर्यंत मासे दिसत होते. माजघरात दोन पावलं टाकली आणि डाव्या कडेने काळोख आला. दिवा विझतो तसा नाही. हळू. एका अंगाने. पडद्याच्या पुढून कुणी चालत जावं आणि मधेच थांबावं, तसा. उजव्या कोपऱ्यात थोडं निळं पाणी उरलं, मग तेही झाकलं गेलं.

"बंद पडला?" दिव्याने विचारलं.

 ब्रँडनने पडदा माजघरातल्या टेबलावर टेकवला, स्वतः आमच्या बाजूला आला आणि हात लांब करून तळवा समोर धरला. तळवा काळाच. मग तो हात पुढे नेत गेला, पुढे, अगदी काचेला टेकेपर्यंत… आणि काचेजवळ त्याचा तळवा निळा झाला. बोटांच्या फटींतून पिवळे मासे सरकले. हात मागे घेतला की पुन्हा काळोख.

त्याने तसं दोनदा केलं. मग हात पँटला पुसला.

"चित्र आसा, आजी," तो हळूच म्हणाला. "आमका दिसना नाय… मधी कायतरी आसा."

त्या वेळी मला वास आला. तिरफळाचा. घरातली तिरफळं गणपतीलाच संपली होती.

मला सांगायची गरज पडली नाही. दिव्यालाच आधी कळलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "आजये… हय आमचो टीव्ही होतो."

टीव्ही होता. त्याच टेबलावर. संध्याकाळी आम्ही सगळे जमिनीवर बसून बघायचो. माझा नवरा, शिवा घरी असला तर शिवा, दिव्या, मी. यशोदा चुलीपाशी, तिरफळं घालून माशांचा तिकला करत. मधेच काही रंगात आलं की ती हातातला डाव घेऊन बाहेर यायची आणि बरोबर टीव्हीसमोर उभी राहायची. तोंड उघडं, डाव तसाच वर. आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, "बाजूक सर गो." दिव्या लहान होती, ती तर काय, हसत हसत ओरडायची. यशोदा दचकायची, "व्हय, व्हय" म्हणायची आणि आत जायची. आतून विचारायची, "मगे काय झाला?" आम्ही सांगत नव्हतो. पुढचं बघायचं असायचं.

पडवीत ती कधी रेंगाळली नाही. तिथे सासरा बसायचा.

ब्रँडनने पडदा बंद केला. "मी उद्या येव काय?" तो म्हणाला. जाताना दारातून त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि स्कूटर सुरू न करताच उतारावरून ढकलत नेली.

दिव्या त्या कोपऱ्यासमोर बसून राहिली. मी दिवा लावला, भात टाकला, तरी ती तिथेच. मग तिने मशीन आत आणून जोडलं आणि काळ्या पडद्यासमोर बसून काम करायला लागली. बोटं चालत होती, दिसत काहीच नव्हतं. गाणं वाजत होतं, मधेच पाण्याचे बुडबुडे वाजत होते.

"दिसना नाय तर काय करतंस गो?"

"तिका दिसता ना," दिव्या म्हणाली. "बघांदे तिका. मी काय काम करतंय, तिना खंय बघल्यान कधी?"

 मी म्हटलं, बरं, बघू दे. आणि खरं सांगते, भीती अशी नव्हतीच तेव्हा. घरात एक माणूस परत आल्यासारखं वाटत होतं. मी स्वयंपाकघरातून बाहेर येताना टेबलाला वळसा घालून जायला लागले. मधे कुणी उभं असलं की जातो ना आपण, तसं.

पण बोटवाले थांबणार होते थोडेच. बाबलीचा फोन आला. मोठा बोटवाला तो, दिव्याचं निम्मं काम त्याचंच. "दिव्या, माका सांगून टाक. जमता काय नाय? माझी मानसां रोज विचारतत." फोन ठेवून दिव्या खूप वेळ खाटेवर बसली. पाय खाली, टाच त्या बॅगेवर. मग म्हणाली, "भाई आजोबांक बोलव, आजये. गाऱ्हाणां घालांदे."

भाई म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्या घराचं गाऱ्हाणं तेच घालतात. वास्तूला घालतात, नव्या होडीला घालतात, पोराच्या परीक्षेलासुद्धा घातलंय. देवाला हाक मारून घरचं म्हणणं मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी मागून होकार भरायचा.

दिवेलागणीला ते आले. केळीच्या पानावर नारळ ठेवला, पानाचा विडा ठेवला, दोन्ही त्या काळ्या पडद्यासमोर. ब्रँडनही आला होता, पंखे तरी बघतो म्हणून. दारात चपला काढून उभा. मशीन चालू होतं, गुरगुरत होतं. भाईंनी डोळे मिटले.

"बा रवळनाथा म्हाराजा, बारापाचाच्या देवा…"

"व्हय म्हाराजा."

"आज ह्या घरातली लेकरां तुझ्या फुडे हात जोडून उभी आसत…"

"व्हय म्हाराजा."

"तेंनी जो काय नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे…"

"व्हय म्हाराजा."

ब्रँडनही म्हणत होता. खालच्या आवाजात, पण म्हणत होता. त्याचा आवाज, दिव्याचा, माझा.

"आनि ह्या पडद्याच्या फुडे जां कोण उभा असात, तेना आता बाजूक सरूचा…"

"व्हय म्हाराजा."

आम्ही तिघं म्हणून थांबलो, आणि आणखी कुणीतरी म्हटलं. आमच्यामागून, जरा उशिराने. बाईचा आवाज. रागाचा नाही, रडका नाही. कुणी काही सांगितलं की आधी हो म्हणायचं, अशी सवय लागलेल्या माणसाचा असतो तसा.

दिव्याने तोंडावर हात दाबला.

पडद्यावर चित्र आलं. उजवीकडून डावीकडे, दार सरकवावं तसं उघडत गेलं. मासे आले, पाणी आलं. त्या उजेडात मला भाईंचा चेहरा दिसला; त्यांनी डोळे उघडलेच नव्हते. ब्रँडनने मशीनला हात लावला नाही. नारळ फोडला, प्रसाद वाटला. खोबरं खाताना कुणी कुणाकडे बघितलं नाही. तिरफळाचा वास गेला होता.

दिवाळी चांगली गेली. बोटवाले खूश. बॅग माळ्यावर गेली. मी दर संध्याकाळी दिव्याच्या मागे बसून मासे बघायची आणि मनात म्हणायची, आपल्याला हवं होतं ते झालं की. पण स्वयंपाकघरातून येताना आता मला वळसा घालावा लागत नव्हता, आणि सरळ चालत येताना पाय जड व्हायचा.

देवदिवाळीच्या आसपास भाई सकाळीच आले. पडवीत बसले. चहा पुढे केला तो निवत गेला.

"वयनी, एक रवला," ते म्हणाले.

"काय ता?"

"कोणाक हल म्हटला, की खंय जावचा ता सांगूचा लागता. बाबा सांगी. तुळशीकडे बस, नायतर चुलीकडे बस, नायतर अमक्या दगडार तुका जागा दिली, असा. जागा देवची, पान देवचा." त्यांनी कपाळ चोळलं. "मी नुसता बाजूक म्हटलंय. माका त्या पडद्याचीच घाई झाली."

"मग आता?"

"परत घालूया."

परत घातलं. तुळशीजवळ जागा दिली, चुलीजवळ पान वाढलं. "व्हय म्हाराजा" आम्ही दोघींनीच म्हटलं. नंतर किती वेळ थांबलो. समुद्राचाच आवाज. पानावरचा भात दुपारपर्यंत तसाच, मुंगीसुद्धा लागली नाही.

मग दिव्याचं सुरू झालं. आधी मला कळलं नाही. दारातून जाताना तिचा डावा खांदा चौकटीवर आपटायचा. ताटातलं डाव्या बाजूचं लोणचं तसंच राहायचं. एकदा मी तिच्या डावीकडून पाणी पुढे केलं तर ती उजवीकडे बघत बसली. मी हाक मारली तेव्हा वळली.

"डोळ्याक काय झाला गो?"

"डावीकडे काळा दिसता, आजये. कडेक. एवढाच." तिने हाताने दाखवलं.

कुडाळला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. बाई चांगली होती. एक एक यंत्र लावलं, एक एक भिंग बदललं. एक डोळा झाकला, मग दुसरा. कुठलाही झाकला तरी डावीकडचा काळोख तसाच. डोक्याचा फोटो काढला. नसा बघितल्या. शेवटी म्हणाली, "आजी, डोळे उत्तम आहेत. नसाही उत्तम. यांना दिसायला हवं." ब्रँडन कार्डाकडे बघायचा तशी ती दिव्याकडे बघत होती. मला पुढचं ऐकावंसं वाटलं नाही.

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते पाट मांडायचं. दिव्या काम करते त्या टेबलाजवळ, तिच्या डाव्या हाताला. वर धुतलेलं फडकं घातलं. आणि म्हटलं, "यशोदा, बस गो हय. उभी रवा नको. कोण काय म्हनाचा नाय तुका. बसून बघ." हे बोलताना माझा आवाज फुटला. इतकी वर्षं ती आमच्यात होती, आम्ही तीन-चार जणं रोज त्या टीव्हीपुढे बसत होतो, आणि बस हा एक शब्द कुणाला सुचला नाही. थोडं सरकलो असतो तर तिला जागा झाली असती. सरकायला आम्ही तिलाच सांगितलं. मेल्यावर नारळ ठेवून सांगितलं.

रोज संध्याकाळी पाट मांडते. दिव्या काम करते. मी विचारते, "बसली काय?" ती मान हलवते. नाही.

आता मीच तिला म्हणते, विरारला जा. आत्याकडे राहा, मोठे डॉक्टर आहेत तिथे, माझं काय, मी बघेन माझं. ती माझ्याकडे बघायला अख्खी मान वळवते आणि म्हणते, "जाव तर जायन, आजये. पन ही डावी बाजू हय ठेवन कशी जाव? ती माझ्यावांगडाच येतली."

 एका परीने मी मनाला समजावते, की आईच आहे ना. आई मुलीच्या बाजूला उभी आहे, त्यात भ्यायचं काय.

परवा मी तिची वेणी घालत होते. तेल लावून, भांग पाडून, सावकाश. खिडकीतून ऊन आत आलं होतं. दिव्या एकदम म्हणाली, "आजये, आई केवढी होती गो? उंच होती?"

"छे गो. माझ्या खांद्याक लागायची. टीव्हीच्या फुडे उभी रवली तरी कडेची दोन बोटां दिसायचीच आमका." मी हसले. "कित्याक?"

ती काही बोलली नाही. मी वेणीचा पेड घट्ट केला. तेव्हा तिने डोकं न हलवता, नुसता हात डावीकडे उचलून दाराकडे बोट केलं.

"ह्यां तर वरच्या चौकटीक लागता, आजये," ती म्हणाली. "मान वाकवन उभा आसा."